भागीच्या शेवग्याची फुलं

ता. १२ ऑगस्ट १९५८
परत सुरवंट. शेजारच्या भागीच्या शेवग्याची फांदी आमच्या पडवीवर आली आहे, तिथून पडतात. आज सौ.च्या मानेवर पडला, सगळी मान सुजली. शेवग्याची सावली घरावर पडली की घरातलं माणूस जातं, असं वडील म्हणत. कुंपणाशी जाऊन ओरडलो. भागी उलट बोलेना, तसा आणखी चढलो. "ह्याच झाडान तुझो घोव खाल्लो, आता आमच्यार सावली घालता." तिच्या हातात शेणाची पाटी होती. ती खाली ठेवून आत गेली.
रागात माणूस बोलतो.

ता. १३
भागीनं भर पावसात आमच्या बाजूच्या फांद्या कोयत्यानं तोडल्या. नवरा गेल्यापासून सगळं एकटीच करते. मी पडवीत बसून आवाज ऐकत राहिलो. निदान ओढायला तरी जायला हवं होतं.

ता. ३ फेब्रुवारी १९५९
सौ.चा ताप उतरला, पण अन्न जात नाही. पेज परत. तिरफळ घालून बांगड्याचं सार केलं, वासानंच तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नसेल तर औषध काय करणार. मुंबईला मुलाला कळवावं का? उगाच घाबरेल. न कळवलं तर...
दुपारी आपणहून म्हणाली, "शेगलाची फुलां गावली तर चार घास खाईन."
बाजारात शेवग्याची फुलं विचारली. फुलं कोण विकतं, म्हणून भाजीवाली हसली. भागीचं झाड मात्र पांढरं झालंय. तोडलं तिथं दुप्पट फुटलं.

ता. ४
वाऱ्यानं आमच्या अंगणात उडून आलेली फुलं वेचली. कांदा, मिरची, वर खोबरं. सौ.नं एक घास हळूहळू चावला, गिळला. भाजी बरी झाली म्हणाली. मग मी खाल्ली. वाळू. दाताखाली नुसती कचकच. तिनं ती गिळली.
कुठली फुलं ते तिनं ओळखलं. भागीकडं मागायला तोंड नाही, म्हटलं.
"मागूक लाज वाटता, तर बोलूक कशी नाय वाटली?"

ता. ५
टोपली घेऊन कुंपणापर्यंत गेलो नि परत आलो. पुन्हा गेलो, तेव्हा भागीनं पाहिलं.
"भावजी, ह्यां झाड माणसां खाता. तुमच्या घराक चालतलां?"
सौ. जेवत नाही, एवढंच बोललो. तिनं आकडीनं फांदी वाकवली नि टोपली भरून दिली. मुंग्या झाडा, मिठाच्या पाण्यात ठेवा, कढईवर झाकण नको, असं सगळं सांगितलं. मी हो हो करत होतो. माफीचा शब्द ओठावर आला होता, असं आता लिहिणार होतो. खोटं आहे. आला नव्हता.
सौ. अर्धी भाकरी जेवली.

ता. १४
भागी रोज फुलं घेऊन येते, सौ.पाशी बसते. आज अंडं फोडून घातलं, सौ.ला आवडलं. बाहेरून ऐकलं, सौ. तिला म्हणत होती, "रांधूक शिकलेत ते. आता बोलूक शिकव गो." दोघी हसल्या.

ता. २६
सौ.ला परत ताप. एकच हट्ट, आपल्या अंगणात शेवगा लावा, अंथरुणावरून दिसेल असा. भागीनं मनगटाएवढी फांदी आणून दिली. "पुढच्या साली फुलतलो," म्हणाली.
खड्डा काढला. पुढं हात चालेना. शेवगा लावला आणि सौ.ला काही झालं तर? हे भागीला सांगू कसं? सांगितलं तर तेच परत बोलल्यासारखं होईल. रागात बोललो, असं मी इतके दिवस धरून बसलो होतो. रागात नव्हतो बोललो. मला तसंच वाटत होतं. अजून वाटतं. तिच्या झाडाची फुलं रोज सौ.ला भरवतो, तरी वाटतं.
आतून सौ.नं विचारलं, "लावलात?"
"लावलंय," म्हटलं.
फांदी हातातच होती. कुंपणापलीकडे भागी उभी. तिनं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं नाही, रिकाम्या खड्ड्याकडं बघत राहिली.