सिंहाच्या डाव्या हाताची गल्ली

सर, तुम्ही मला एक गल्ली शिकवली होती. ती बघून आल्यावर तिच्याबद्दल तुमच्याशी एकदाच बोलणं झालं, तेही अर्धं राहिलं. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाहून जास्त झालं आहे, म्हणून लिहायला बसलो.

बहात्तरचा तो उन्हाळा. प्रवरेच्या पात्रात नुसते दगड दिसत होते. कारखान्यात गाळपाला ऊस उरला नव्हता, शेतात होता तो लोक जनावरांसाठी कापून नेत होते. मी तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला, पण दिवसभर काम नसे. तेवढ्यात नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला कुणाला तरी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पाठवायचं ठरलं आणि माझं नाव निघालं. संगमनेरात जर्मन येणारे तुम्ही एकटेच. दुसऱ्या लढाईच्या आधी तुम्ही त्याच ब्राउनश्वाइगला साखरेचं रसायनशास्त्र शिकून आला होतात आणि पुढे कॉलेजात आम्हांला रसायन शिकवलंत. मी विचारायला आलो तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन घरी एकटेच असायचात. स्टोव्हवर बटाटे उकडत ठेवून म्हणालात, रोज ये, फी नको, पण येताना पाणी आण.

शिकवणी स्वयंपाकघरातच चालायची. पुस्तक बाजूला ठेवून तुम्ही मला शहरातून चालवायचात. मी पाटावर बसून जर्मनमध्ये सांगायचं: स्टेशनातून बाहेर पडलो, नदीवरचा पूल ओलांडला, आता समोर चौकात काशाचा सिंह आहे. तो आठशे वर्षांचा आहे, असं तुम्ही मध्येच मराठीत सांगायचात, आणि त्याच्या मागचं चर्च त्याच्याच वयाचं. सिंहाच्या डाव्या हाताला गल्ली. लाकडी चौकटींची घरं, वरचा मजला रस्त्यावर पुढे झुकलेला. कोपऱ्यावर पडद्यांच्या कापडाचं दुकान. तिथे मला थांबवून तुम्ही उठायचात आणि बटाटे शिजले का ते बघायचात. त्या दुकानाच्या वरच्या खोलीत तुम्ही भाड्याने राहत होतात, एवढंच मला कळलं होतं.

एकदा माझी आई गावाहून आली. ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. तुमच्या दाराशी बसून तिने विचारलं, "सर, पोरगं लई लांब चाललंय. तिकडं तुमच्या वळखीचं कुनी हाय का?"

मी आणलेलं पाणी तुम्ही आत नेऊन ठेवलंत. मग म्हणालात, "होते. आता माहीत नाही."

निघायच्या आदल्या दुपारी तुम्ही धडा घेतला नाहीत. सगळं सांगितलंत. दुकानाचे मालक ज्यू होते. ते, त्यांची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. बाईंनी तुम्हांला भाषा शिकवली, तीही स्वयंपाकघरातच, तुम्हांला शाकाहारी जेवण वेगळं करून देताना. मुलगी तुमच्याकडून मराठी आकडे शिकली होती आणि जिन्याच्या पायऱ्या मराठीत मोजत उतरायची. अडतीसच्या नोव्हेंबरात त्यांचं प्रार्थनामंदिर जाळलं, दुकान फोडलं, मालकांना पकडून नेलं. तुमचं बोटीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. बाई तुमच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, हिला हिंदुस्थानात घेऊन जा, तुमच्या वडिलांनी हमी दिली तर परवानगी मिळेल, मी चौकशी केली आहे. तुम्ही म्हणालात, घरी विचारून कळवतो. तुमच्या डोळ्यांसमोर संगमनेरचं सोवळ्या-ओवळ्याचं घर आलं, वडील आले, लोक काय म्हणतील ते आलं. तुम्ही घरी विचारलंच नाही. एका सकाळी सगळे उठायच्या आत बॅग घेऊन जिना उतरलात.

"शोधू नकोस," तुम्ही मला म्हणालात. "फक्त त्या दारावरून एकदा चालत जा."

ब्राउनश्वाइगला उतरलो आणि पहिल्याच पावलाला तुमचा धडा चुकला, सर. तुमचं स्टेशन बंद होऊन तिथे बँक झाली होती. नवं स्टेशन पार दुसऱ्या टोकाला. मी विचारत विचारत सिंहापर्यंत पोचलो. तो होता. चर्च होतं. डाव्या हाताला वळलो तर समोर मोटारी उभ्या करायचं मैदान, त्यापलीकडे काचेचं मोठं दुकान आणि रुंद रस्त्यावरून जाणाऱ्या ट्राम. चव्वेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात जुनं लाकडी शहर जळून गेलं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. तुम्हांला ते माहीत असणारच. तरी तुम्ही मला ती घरं उभी असल्यासारखी शिकवलीत. जिथे प्रार्थनामंदिर होतं तिथे लढाईच्या वेळचा काँक्रीटचा बंकर उभा आहे. बिनखिडक्यांचा. तेव्हा त्यावर एक पाटीसुद्धा नव्हती.

मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या बाई म्हाताऱ्या, विधवा होत्या. त्यांचा मुलगा रशियात गेला तो परत आलाच नाही, आणि घर त्या आगीत गेलं. रविवारी दुपारी कॉफी घेताना मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, ओळखते तर, माझ्या लग्नातले पडदे तिथलेच. मालक छळछावणीतून सुटून आले ते महिन्याभरात वारले. बाईला आणि मुलीला तसल्याच सगळ्या कुटुंबांबरोबर एका घरात कोंबलं. लढाई चालू असताना एका सकाळी त्या सगळ्यांना स्टेशनकडे चालत नेलं, हातात एकेक बॅग. आमच्याच रस्त्याने.

मी विचारलं, मग?

"मग काही नाही," त्या म्हणाल्या. "मुलीने वर बघितलं. मी पडदा ओढून घेतला."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी परत आलो. दुष्काळ आणखी वाढला होता. आई अजून कामावर होती, रेशनवरच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी खाऊन तिचं पोट बिघडलेलं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो. मी बसलो, तुम्ही स्टोव्ह बारीक केलात, मी सांगायला लागलो. गल्ली नाही म्हणालो तेव्हा तुम्ही मान हलवलीत. बाकीचं ऐकताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. संपल्यावर एकच विचारलंत: स्टेशनकडे नेलं तेव्हा ती केवढी असेल? मी म्हटलं, बारा-तेरा. भांड्यातलं पाणी आटून बटाटे करपायला लागले होते. आपण दोघंही उठलो नाही.

मग तुम्ही म्हणालात, "मी विचारलं असतं तर वडील हो म्हणाले असते. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते नाही म्हणाले असते. पण प्लेगच्या साथीत त्यांनी महारवाड्यातली दोन पोरकी मुलं घरी आणून ठेवली होती. मला ते माहीत होतं."

मी उठलो. करपलेलं भांडं घासून ठेवलं आणि निघालो.

त्यानंतर मी दोनदा आलो. तुम्ही पावसाबद्दल बोललात, कारखान्याबद्दल विचारलंत, जर्मन एक शब्दही बोलला नाहीत. जेवण कमी झालं होतं. पाऊस सुरू व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. सगळे टँकरच्या रांगेत, त्यामुळे नदीवर आम्ही जेमतेम खांदे देण्यापुरते होतो. अंघोळीला नदीत पाणी नव्हतं. डब्यातून आणलेलं पाणी डोळ्यांना लावून आम्ही घरी आलो.

पुढे मी ब्राउनश्वाइगला कामासाठी बरेचदा गेलो, अलीकडे मुलाबरोबर प्रवासी म्हणूनही. चौकातला सिंह आता नक्कल आहे, खरा शेजारच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. फुटपाथवर पितळी फरश्या बसवल्यात, नेलेल्या माणसांच्या नावांच्या. त्यांत दुकानाच्या बाईंच्या शेजारी त्या मुलीचं नावही आहे. मुलाने फोटो काढला. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं नाही. इकडून कुणी जर्मनीला निघालं की मला विचारायला येतात. मी त्यांना कोलोनचं चर्च सांगतो, हाम्बुर्गचं बंदर सांगतो, ब्राउनश्वाइगचा सिंह सांगतो, आणि उजव्या हाताने जा म्हणतो.

त्या दिवशी तुमचा दोष नाही असं मी म्हणायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शब्द सुचले नाहीत असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तसं नव्हतं, सर. शब्द होते, तुम्हीच शिकवलेले, दोन्ही भाषांतले. मला तुमचा राग आला होता. तिकडे कुणी विचारलं, एवढी चांगली भाषा कुठे शिकलात, तर मी संगमनेर म्हणतो. कुणाकडे, ते अजून सांगत नाही.