ढालीची भिशी

मु. वळ, भिवंडी

तीर्थरूप भाऊदादास,

धाकटी बहीण हौसा हिचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (ऑपरेशनच्या पायाला लांबूनच). वज्रेश्वरी आईच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा वाकायला लागला का, तुझी लेक क्षितिजा वेळेवर शेक देते का, तिच्या नाशिकची थंडी बाधत नाही ना, ते कळव. फोनच केला असता, पण तो सदा उन्नतीच्या हातात, आणि काही गोष्टी लेकीच्या कानावरून मामाकडे जाऊ नयेत. वहीत पाठकोरे कागद उरले होते, म्हणून लिहिते.

तू खासगी शाळांच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष, आणि नेमका याच मोसमात अंथरुणाला खिळलास. तुझी फाईल धामणकर नाक्याच्या हॉलवर पोचवायला म्हणून मी गेले, आणि बसून राहिले (चहा यायचा होता, आणि येताना शेअर रिक्षाने आलेली बाई चहा न घेता कशी परतेल?). विषय तोच, तुला पाठ असलेला. बायपासवरची ती मोठी शाळा दरवर्षी मुलींच्या कबड्डीची ढाल नेते, बाकीच्या शाळा नुसत्या मैदानावर पावडरच्या रेघा मारायला. एक हेडमास्तर म्हणाले, पटसंख्येप्रमाणे दोन गट करा. दुसरे म्हणाले, मोठ्या शाळेचे आधीच पाच गुण कापा. मोठ्या शाळेचे मनोज सर उठून म्हणाले, "आमच्या पोरी पहाटे उठून घाम गाळतात, त्याचा दंड भरायचा का?" तेही खरंच होतं. छोट्यांचं रडणंही खरं होतं. माझं तोंड तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अहो, आमच्या आळीच्या भिशीत असा तंटा कधी होत न्हाय."

सगळे वळून बघायला लागले. मग सांगावंच लागलं. भिशी उचललेली बाई पळून जात नाही, तिला दंडही नसतो. ती फक्त पुढचे हप्ते भरत राहते, म्हणजे बाकीच्यांचीही पाळी येते. तसं ढाल उचललेल्या शाळेने हप्ता भरावा, हप्ता म्हणजे एक खेळाडू. मुलीने शिकायचं आपल्याच शाळेत, खेळायचं मात्र दुसरीकडून, ज्या छोट्या शाळेची चिठ्ठी निघेल तिच्याकडून, ती शाळा ढाल उचलेपर्यंत. हॉल हसला. मनोज सर हसले नाहीत. "ताई, मंजूर," म्हणाले. चिठ्ठी काढली तर आपल्या वळच्याच शाळेची! (मी डब्याला हातसुद्धा लावला नव्हता, देवीशपथ.)

मला वाटलं, आता हे एखादी पाय मुरगळलेली पोर आपल्या गळ्यात मारतील. भिशीत फाटकी नोट खपवणाऱ्या बाया मी पाहिल्यात. पण दादा, त्यांनी मृणाली दिली. मृणाली! त्यांची पहिल्या नंबरची चढाईपटू, जिच्यामुळे ढाल जाते तीच. असं मोठं मन मी देवळाबाहेर फार कमी पाहिलं.

आणि पोर तरी काय सांगू! रोज संध्याकाळी सराव झाला की आपल्याकडे भाकरी खायला येते. आधी देवाला हात जोडते, मग ताटाला. खाते मात्र लूमच्या दोन शिफ्ट मारून आल्यासारखी. महिन्याचं पीठ वीस तारखेलाच डब्याच्या तळाशी दिसायला लागलं. पण ताट स्वतः घासते, आणि माझंही ओढून नेते, म्हणून पिठाचं मी मनावर घेत नाही. साखळीखालून अशी डुबकी मारून निसटते की बघणाऱ्याला वाटावं, हिला हाडं दिली तरी का देवाने.

उपांत्य फेरीत गाठ पडली ती तिच्याच शाळेशी. मी मनात म्हटलं, आता पाय जड होणार हिचे. छे! पहिल्याच चढाईत आपल्या दोन जिवलग मैत्रिणी बाद करून आली, आणि परतताना त्यांना म्हणते, "डबा एकत्रच खायचाय हां!" त्यांचे पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपण दोन गुणांनी हरलो, पण गेल्या वर्षी याच शाळेने आपल्याला तीस गुणांनी धुतलं होतं, ते आठव. देवीला जिंकलो तर पाच नारळ बोलले होते. हरूनसुद्धा एक वाहिला, तिला उगाच वाईट वाटायला नको. सगळी भिवंडी म्हणते आहे, यंदा खरी कबड्डी झाली. मनोज सर म्हणाले, ताई, हा नियम कायमचा करू, फक्त अध्यक्षांची सही यायची आहे.

क्षितिजाला आशीर्वाद. जिना चढू नकोस.

तुझी,
हौसा

ता. क. : एक सांगायचं राहिलं. सातजणी खेळतात. मृणाली आली म्हणून चढाईची एक जागा गेली, ती आपल्या उन्नतीची. पाचवीपासून सातांत येण्यासाठी धडपडणारी पोर अख्खी स्पर्धा राखीव बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. पुढचं वर्ष तिचं दहावीचं, म्हणजे शाळेतलं शेवटचं. तेव्हा त्या नियमावर तू सही करू नकोस. गुडघा दुखतो म्हण. (सही हाताने करतात हे कोणी विचारणार नाही.)

ता. क. दुसरा : उन्नतीने पाकीट चिकटवायच्या आधी पत्र वाचलं. भांडी आपटून झाली. म्हणते, "आई, मला जागा मृणालीला पकडून घ्यायची हाय, मामाच्या गुडघ्यावर न्हाय." दोघी आता अंगणातच डुबकीचा सराव करतायत, आणि खरं सांगते, काल हिने तिला एकदा धरली. तेव्हा वरची विनंती मी उन्नतीच्या देखत खोडली आहे.

ता. क. तिसरा : एकाच रेघेने खोडली आहे. चष्मा लावलास तर वाचता येईल.