सरकार हाजिर हो

बाबा,

आज टपालानं अपिलाच्या निकालाची नक्कल आली. बावीस पानं. नकलेची फी आणि टपालखर्च धरून अकरा रुपये चाळीस पैसे लागले, ते वहीत लिहिले. आम्ही हरलो. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची विहीर शेजाऱ्याचीच ठरली. ह्यांनी चष्मा काढला, कागद माझ्या मांडीवर टाकले आणि म्हणाले, "घे. झालं समाधान?" दुपारभर मी ती पानं वाचली. माझं मॅट्रिकपुरतं वाचन, पण जमलं. सहा पानं नुसतं आमचं म्हणणं आहे, आम्हाला सांगता आलं नसतं इतकं नीट मांडलेलं, आणि ते का पटलं नाही हे त्याच्यापुढं लिहिलं आहे. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "हो, झालं." तेव्हापासून बोलले नाहीत. म्हणून तुमच्याशी बोलते.

तुम्ही गेल्याला वीस वर्षं होऊन गेली, पण मला तुम्ही दिसता ते कोर्टाच्या वऱ्हांड्यातच. शाळा सुटली की मी कुंपणापाशी थांबायची. अंगात पांढरा कोट, छातीवर लाल पट्टा, त्यावर आईनं चिंचेनं घासलेला पितळी बिल्ला. तुम्ही डोळे मिटून मान थोडी वर करता आणि नाव पुकारता, "हाजिर होऽ!" तीनदा. मालगुजाराचं नाव असो की त्याच्या सालदाराचं, आवाज तेवढाच. एकदा जेवताना मी विचारलं, "बाबा, मालगुजाराले तरी जरा हळू बोलवा न." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "काऊन? त्याचे कान लय मोठे हायेत का?" आणि ते वांग्याचं भरीत. कोण्या पक्षकाराची बायको मागच्या दारानं वांग्याची टोपली देऊन गेली, आईला वाटलं शेजारधर्म. तुम्ही आलात तेव्हा भरीत चुलीवर तयार होतं. तुम्ही उरलेली वांगी टोपलीत भरली, वर भरताचं भगुणं ठेवलं आणि भर बाजारातून ते परत करून आलात. तो माणूस म्हणे हसून हसून खाली बसला, "अहो पुकारेवाले, भाजलेलं वांगं कोणी वापस करते का?" त्या दिवशी आपण तिखट-तेलाशी भाकर खाल्ली. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "तुहा बाप मानूस नाई व, नुसता बिल्ला हाये." तेव्हा मला आईचंच खरं वाटलं होतं.

आता मी कोर्टाच्या फाटकावर काढलेल्या सतरा दिवसांचं सांगते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, लोकांची जीभ नुकती सुटली होती. तुमच्याच कोर्टात एक जज्जसाहेब आले होते, किडकिडीत, कोणाकडं चहासुद्धा न पिणारे. आमच्या विहिरीच्या दाव्यात त्यांनी आमच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत आम्ही पाणी काढायचं नाही. त्या उन्हाळ्यात आमची सगळी वाडी, वांगी, सांभाराचे कोथिंबिरीचे वाफे, टमाटर, डोळ्यांदेखत वाळून गेली. ह्यांनी साहेबांचं नाव घेणं सोडलं, "तो बुवा" म्हणायचे. पुढं भाजीबाजाराच्या जागेचा दावा उभा राहिला. गावातल्या एका वजनदार पुढाऱ्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. समुद्रपूरकडून पहिल्या एस.टी.नं येणाऱ्या बाया पिढ्यानपिढ्या त्याच जागेवर पोतं पसरून बसतात. साहेबांनी गोदामालाही मनाई केली. अकरा दिवसांत त्यांची बदली झाली. बदलीच्या कागदावर कारण लिहीत नाहीत, पण बाजारात लहान लेकराला विचारलं तरी त्यानं सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढाऱ्याचा माणूस दारात, हातात पेढ्यांचा पुडा. "वयनी, तोंड गोड करा. गेला तो साहेब! आता आपला मानूस येऊन राह्यला. तुमच्याही इहिरीचं होऊन जाईन, भाऊनं सांगतलं."

मी विचारलं, "आपला म्हंजे कोणाचा?"

"घ्या! आपला म्हंजे आपला!"

त्याच्या हातातला पेढा माझ्या नाकापुढं होता. मला एकदम वाटलं, विहीर अशीच मिळणार असेल, तर उद्या हाच माणूस शेजाऱ्याच्या दारात पुडा घेऊन उभा राहील. मी म्हटलं, "भाऊले सांगजा, आमच्या घरी गोड खात नाई." आणि चपला घालून बाजारात गेले. तिथल्या बायांची पुढारीण एक मावशी होती, तोंडानं फटकळ, तराजूत सरळ. ती मला पाहून म्हणाली, "तू कायले आली व? तुही इहीर तं त्यानंच बंद केली न!" म्हटलं, "हो. म्हणूनच आली. मी आली तं कोणी म्हणणार नाई का साहेब आमच्या खिशातला होता."

एक तरुण वकील मदतीला आला, त्यानं पाटी रंगवून आणली, 'बाजार आमचा आहे'. मी ती उलटी ठेवायला लावली. निकाल मागायचा नाही. आपण निकाल मागायला लागलो तर त्या पुढाऱ्यात आणि आपल्यात फरक काय? साहेबाला का हलवलं, एवढंच विचारायचं, तेही कोर्ट बसायच्या आधी. कसं विचारायचं, हा प्रश्न आला तेव्हा मला तुमची मान वर झालेली दिसली. रोज पावणेअकराला आम्ही वीस-पंचवीस बाया फाटकाबाहेर उभ्या राहायचो. मी डोळे मिटायची आणि पुकारायची, "सरकार हाजिर होऽ!" तीनदा. कोणी येत नसे. मग मी म्हणायची, "गैरहाजर," आणि मावशी पाटीच्या कोऱ्या बाजूवर खडूनं एक रेघ ओढायची. अकराचे ठोके पडले की सगळ्या खाली बसून चूप. कोर्ट उठेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. मावशीला ते फार जड गेलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या आधीच ठाण्याचा जमादार आला. "बाई, हा काय तमाशा करून राह्यल्या?"

"तमाशा कायचा? पुकारा होय. माह्या बापानं याच वऱ्हांड्यात सत्तावीस वर्षं केला."

"त्याले सरकार पगार देत होतं."

"मले नाई देत. फुकटात करून राह्यली."

"कलम लावीन मी!"

"लावा न. पण मंग कोर्टात उभी करा लागन. कोणत्या साहेबापुढं उभी करसान? साहेब तं तुम्ही धाडून देल्ला."

मावशी पदर तोंडात कोंबून हसत होती. जमादारही मिशीत हसला, पण सगळ्यांची नावं लिहून घेऊन गेला. त्या रात्री ह्यांनी ताट सरकवलं. "ज्यानं आपली वाडी वाळवली त्याच्यासाठी उनात बसून राह्यली. माही बायको हायेस का त्याची वकीलीण?" मी म्हटलं, "त्याच्यासाठी नाई बसत. खुर्चीसाठी बसतो. तिथं कोणी बी बसो, कोणाचा आपला नसावा." ते उठून बाहेर गेले. मी रोजचा रात्रीचा जप पुरा केला आणि सकाळी पुन्हा फाटकावर गेले.

नवे साहेब नवव्या दिवशी आले. आम्ही वाट दिली. दुपारी त्यांचा पुकारेवाला फाटकाशी आला, "साहेब विचारतेत, तुमाले काय पायजे?" कोर्ट चालू होतं, म्हणून मी पाटीच्या कोपऱ्यात लिहून दिलं, 'साहेबांकडून काही नाही. त्यांनी आपलं काम करावं. आमचं सरकारशी आहे.' सतराव्या रेघेपर्यंत सरकार आलं नाही. जुने साहेबही परत आले नाहीत. मग पेरण्या आल्या, बाया शेतात गेल्या. पण नव्या साहेबांनी बाजाराची मनाई उठवली नाही. बाया आजही तिथंच बसतात. आमचा दावा मात्र त्यांनीही आमच्याविरुद्धच दिला. पेढेवाला पुन्हा कधी "आपला मानूस" म्हणाला नाही. सतरा दिवसांत काय मिळालं असं कोणी विचारलं तर मी हे सांगते आणि पुन्हा बसायची वेळ आली तर पुन्हा बसेन हेही सांगते.

बाबा, इथवर वाचून तुम्हाला माझा अभिमान वाटला असेल, म्हणून एक सांगून टाकते. बदलीची बातमी आदल्या संध्याकाळीच घरी आली होती. ती ऐकून हे घरी यायच्या आतच मी उठले. रेशनची साखर वाटीत काढून गणपतीपुढं ठेवली आणि हात जोडले. विहीर परत येणार, दुसरं काही मनात आलं नाही. सकाळी तो माणूस पेढा घेऊन दारात उभा होता, तेव्हा ती वाटी देव्हाऱ्यातच होती, मुंग्या लागलेली. मावशीला, वकिलाला, ह्यांनासुद्धा मी आजवर सांगत आले की बातमी ऐकली तशी मी पेटून उठले. तसं नव्हतं. ती एक रात्र मी पेढे वाटणाऱ्यांतलीच होते.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं मला ठाऊक नाही. घडी घालून पोथीत ठेवते. पण राग आला असला तरी उलट टपाली कळवा.