एक जूनच्या मुली

१२ एप्रिल, नांदेड
लातूरचं अधिवेशन महिन्यावर आलं. लोकसंख्या अभ्यासकांची आमची एवढीशी संघटना, पण ठराव दणदणीत हवा. बालविवाहाविरुद्धचा, माझाच. सोबत कंधारकडच्या गावांतला माझा सर्व्हे. आकडा असा की ऐकणाऱ्याची झोप उडावी. अध्यक्ष सूर्यवंशी मॅडमनी फॉर्म तपासायला मागवले. सगळे! कॉलेजात शिकवायच्या तेव्हाही अशाच.

१६ एप्रिल
मॅडमचा फोन. "अगं, चारातल्या तीन पोरी एक जूनलाच जन्मल्या का?"
गारच पडले. जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावरून घेतल्या होत्या. तारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून टाकून मोकळे, हे मला कळू नये? सख्ख्या भावाची तीच आहे! त्यात लग्नं सगळी मेमधली. म्हणजे कागदावर अठराला चार दिवस कमी.

२३ एप्रिल, कंधार
पुन्हा दारोदार. ऊन मरणाचं. एक आई म्हणाली, "संक्रांतीला झाली की माझी पोरगी. गुरुजीनं काय लिवलं, आमाला काय ठाव?" म्हणजे लग्नात अठरा पूर्ण. एक गळाली. मॅडम सोबत. सत्तरी उलटली, गुडघे धरलेत, एक घर सोडत नाहीत. चिडावं तर कुणावर.

८ मे
आकडा आधीच्या निम्म्याच्याही खाली. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली. इतक्या पोरी वाचल्या की...

१७ मे, लातूर
मॅडमनी नवा आकडा वाचला, आमच्या चुकीसकट. एक कार्यकर्ती ताडकन उठली. "मॅडम, तुमी कुणाच्या बाजूनं हाव?"
"पोरींच्या. म्हणूनच फुगवून सांगणार न्हाई. एक खोटी निघाली की खऱ्या बी खोट्या ठरवतेत."
मग म्हणाल्या, "माझं लगीन नववीत झालं."
वीस वर्षांची ओळख, मला पत्ता नाही. पाय धरावेसे वाटले बाईंचे.
मतदान मात्र नाहीच. अभ्यासकांनी ठराव करावेत का, यावरच जुंपली. टपालानं मतं मागवायची ठरली.

१ जून, नांदेड
सकाळी सगळ्या सभासदांना कोऱ्या मतपत्रिका टपालानं धाडल्या. मॅडमचीही. त्यांचं मत कुठे पडेल, सांगता येत नाही.
आज त्यांचा वाढदिवस, अर्थात दाखल्यावरचा. फोन केला. विचारलं, खरा कधी?
"आईला ठाव होता. लग्नानंतर तिच्यापाशी निवांत बसायलाच मिळालं न्हाई. विचारायचं राहिलं बघ."