कूस कोणी बदलली

प्रिय खैरू,

त्या सोमवारी सकाळी तू भाकरीसाठी तांदळाची उकड मळत होतीस आणि मी स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभा होतो. बांगड्या तू कोपराकडे सारल्या होत्यास. डाव्या मनगटावर पट्ट्याच्या रुंदीचा एक लाल चट्टा होता. तू घड्याळ घालत नाहीस. लग्नात मामांनी दिलेलं घड्याळसुद्धा तू कपाटात ठेवून दिलंस, पट्ट्याने अंगावर पुरळ येतं म्हणून. मला पाहिलंस आणि पिठाच्या हातानेच बांगड्या खाली ओढून म्हणालीस, "चहा हवाय काय? बसा तिथे, पडाल नाय तर." मी बसलो. तू चहा बशीत ओतून दिलास, कारण कप माझ्या हातात नाचतो. मी तो प्यायलो.

भावाच्या घरून, खांदेश्वरहून, करंजाडेला आपल्या घरी पत्र कशाला, असं तुला वाटेल. रिक्षाने अर्धा तास. फोन तर तू दिवसातून चारदा करतेस, गोळी घेतली का, पाय सुजलेत का. पण फोनवर माझा आवाज इतका बारीक झालाय की तू "काय? काय?" करत राहतेस आणि जे सांगायचं ते राहून जातं. गोळी लागू झाली की तासभर हात माझं ऐकतो, तेवढ्यात थोडं थोडं लिहितो. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. चष्मा लावून वाच. मी दम्मामला होतो तेव्हा तू आपल्या मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात मला लिहायचीस. अम्मीला पहिला झटका आला तेव्हा सगळे म्हणाले होते, नझीरला कळवू नका, परदेशात आहे, जिवाला घोर लागेल. तू कळवलंस. लिहिलं होतंस की तुमची आई आहे, तुमच्यापासून लपवायचा मला हक्क नाही. त्या एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं निर्धास्त राहिलो.

डॉक्टरबाईंनी घड्याळ दिलं तो दिवस आठव. मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायच्या आधी त्यांना माझ्या रात्री बघायच्या होत्या. पार्किन्सनच्या माणसाला रात्री अंग हलवता येतं का, कूस बदलता येते का, किती वेळा जाग येते, ते घड्याळात नोंदवलं जातं, असं त्या म्हणाल्या. मला बाहेर कॉरिडॉरमध्ये चालवून बघत होते, तेव्हा ती क्षिप्रा नावाची मुलगी आत तुला घड्याळाचं सगळं समजावत होती. घरी आल्यावर तू मला सांगितलंस की ते दिवसा घालायचं, रात्री इशाच्या नमाजाआधी वुजूला हातपाय धुताना काढलं की रात्रभर चार्जिंगला लावायचं. दिवसाच्या हालचालीवरूनच त्याला रात्रीची झोप कळते. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. यंत्राला काय कळतं आणि काय नाही, हे मला काय ठाऊक? तू सांगितलंस, मी मानलं. दहा दिवस रोज रात्री तूच माझ्या मनगटावरून पट्टा सोडवलास, हात टॉवेलने पुसलास, मला उजव्या कुशीवर किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून निजवलंस आणि माझ्या पाठीमागे जाऊन झोपलीस. माझ्यासमोर भिंत. मला वळता येत नाही, खैरू. माझ्या पाठीशी काय चाललंय ते मी बघूच शकत नव्हतो.

मग शनिवारी रिपोर्ट. डॉक्टरबाई खूश होत्या. संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "झोप थोडी कमी आहे, पण बघा, कूस किती छान बदलताय! रात्रीतून वीस-बावीस वेळा." मी म्हणालो, मॅडम, मला वर्षभरात स्वतःहून एकदाही वळता आलेलं नाही. त्या हसल्या. फसवणारं हसू नव्हतं ते, रोज शंभर तक्रारी ऐकणाऱ्या माणसाचं होतं. पुष्कळ पेशंटना तसं वाटतं, म्हणाल्या. मग तुझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काकी, तुम्ही सांगा." मी निश्चिंत झालो. कारण रोज रात्री मी हाक मारली की उठणारी, माझ्या अंगाखालची चादर दोन्ही मुठीत धरून मला ओढून वळवणारी तूच. तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "झोपतात ते. चांगले झोपतात. उगाच मनाला लावून घेतात."

त्यांनी रात्रीची गोळी अर्धी केली आणि ऑपरेशनचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. रिक्षात तू माझ्या शालीचं टोक नीट खोचत होतीस. मी बाहेर बघत होतो. मला खरंच वाटू लागलं होतं की माझंच काही चुकत असेल. रात्री मी वळतही असेन आणि सकाळी विसरतही असेन. अंग तर गेलंच होतं, आता स्वतःच्या शब्दावरचा भरवसाही गेला, असं दोन दिवस वाटलं. सोमवारी तुझं मनगट दिसलं.

तू का केलंस ते मला कळतं. तुझे अब्बा सुपारीच्या झाडावरून पडले, त्यांना मुंबईला नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं आणि परत आणलं ते खाटेवरून. तू तेव्हा चौथीत होतीस. "तुमच्या डोक्याला सुरी लावू द्यायची नाय मला, कंप तर कंप, मी हाय ना," हे तू मला कितीदा म्हणालीस. त्यावर मी कधी चिडलो नाही. तू डॉक्टरबाईंसमोर रडली असतीस, माझे पाय धरले असतेस, माझ्याशी वर्षभर भांडली असतीस, तर ते सगळं मी सोसलं असतं. कदाचित ऐकलंही असतं. पण तू भांडली नाहीस. तू माझ्या जागी स्वतःचा हात दिलास आणि मला खोटं पाडलंस.

मी वाट पाहिली. त्या सोमवारनंतर पंधरा दिवस. अर्ध्या गोळीने रात्री आणखी जड झाल्या. एकेका कुशीवर खांदा सुन्न होईपर्यंत पडून राहायचो. पूर्वी तुला हाक मारायचो, आता मारवेना. पहाटे तू मला उठवायला यायचीस तेव्हा मनात म्हणायचो, आज सांगेल. मशिदीत आता मी खुर्चीवर बसून नमाज पढतो. सजद्यात गेलो तर दोघांना उचलावं लागतं. मला त्या ऑपरेशनकडून फार काही नको होतं. कपाळ जमिनीला लावावं आणि आपलं आपण उठावं, एवढंच. तुला ते सांगितलेलं होतं. पंधराव्या दिवशी मी म्हणालो की काही दिवस भावाकडे, अल्तमशकडे राहतो. तू का म्हणून विचारलं नाहीस. पिशवी भरलीस, गोळ्यांची डबी वर ठेवलीस. तेव्हा मला कळलं की तुलाही कळलंय, आणि तरीही तू बोलणार नाहीस.

अल्तमश मला क्षिप्राकडे घेऊन गेला. मी पुन्हा घड्याळ मागितलं. ती म्हणाली, "टेन्शन नका घेऊ काका, फक्त रात्री घाला, दिवसाचं राहिलं तरी चालेल. काकूंना मी तीन-तीनदा सांगितलं होतं ना." माझा धाकटा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. त्या रात्रीपासून अल्तमश माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपतो. तुझ्यासारखं त्याला जमत नाही. चादर ओढतो तर मी खाटेच्या काठावरच येतो. "भाई, तू भात कमी खा, नाय तर मला क्रेन मागवायला लागेल," म्हणतो. त्याच्या घोरण्याने तर सगळी बिल्डिंग जागी होत असेल. मुलं खुशाल आहेत. धाकटी माझा हात धरून थरथर थांबते का बघते आणि थांबली नाही की मला रागावते.

काल डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. दुसऱ्यात कूस एकदाही बदललेली नव्हती. अल्तमशने वळवलं तेवढंच. त्यांनी विचारलं, पहिल्या वेळी घड्याळ कोणाच्या हातावर होतं? खैरू, नवरा-बायको एकमेकांचा पोशाख असतात, हे आपण निकाहाच्या दिवसापासून ऐकत आलो. पोशाख झाकण्यासाठी असतो. पण खोटं बोलता आलं नाही आणि गप्प बसणं हेही खोटंच झालं असतं. मी तुझं नाव सांगितलं. त्या मला 'सॉरी काका' म्हणाल्या. मला त्याचा आनंद झाला नाही. घरी येताना एक गोष्ट मात्र मनातून जाईना. पहिल्या रिपोर्टमधली ती वीस-बावीस वेळा बदललेली कूस, ती कमी झोप, ती तुझी होती. इतकी वर्षं माझ्या पाठीशी तू अशी तळमळत असतेस, हे मला एका यंत्राकडून कळलं. तेही तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

हे शेवटचं अल्तमशच्या घरून लिहीत नाही. आज सकाळी मी दवाखान्यात दाखल झालो. ऑपरेशन गुरुवारी आहे. माणूस जागा असतानाच करतात, तेव्हा मी दुआ म्हणत राहीन. घाबरू नकोस, असं लिहून काही होणार नाही, तू घाबरशीलच. शेजारच्या हादियाला जवळ बसवून मग हे वाच, म्हणून अल्तमशच्या हाती पत्र पाठवतोय. तू येशील, हे मला माहीत आहे. ये. पण तू आलीस की डॉक्टर तुलाच विचारतील आणि पुन्हा माझ्या वतीने तू बोलशील, याची मला भीती वाटली, म्हणून आधी कळवलं नाही. ही भीती मला तुझी वाटावी, याचंच दुःख आहे. माफ केलं का, ते मला अजून ठाऊक नाही. अल्लाहकडे मागतोय, की करता यावं. भरतीच्या वेळी नर्सने विचारलं, पेशंटच्या वतीने निर्णय कोण घेईल, बायको ना? ती पेन टेकवून तुझं नाव लिहिणारच होती. मी तिच्याकडून पेन घेतलं आणि थरथरत्या हाताने, वेळ लागला तरी, मीच लिहिलं: अल्तमश, भाऊ.

अजूनही तुझाच,
नझीर