मंठाळच्या बैठकीचा युनिव्हर्सिटीत झालेला अपमान

रा. रा. श्रीपतराव पाव्हणे, मुक्काम चिंताकी, यांस मंठाळहून रेवणप्पाचा वाकून रामराम.

तुमचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का? वहिनींचा दमा यंदा धुळीनं उठला न्हाई ना? इकडं सगळे मजेत हाव असं लिवायची रीत हाय म्हणून लिवतो, पण मी मजेत न्हाई. माझं डोस्कं फिरलंय आन ते अजून जाग्यावर आलेलं न्हाई. फोनच करणार होतो, पण फोनवर राग मावत न्हाई. मधीच रेंज जाती आन माणूस एकटाच शेतात शिव्या देत उभा राहतो. म्हणून हा कागद क्रूझर जीपवाल्या श्रीशैलच्या हातानं धाडायलोय.

माझी पोरगी, म्हणजे तुमची भाची रूपा, बसवकल्याणात बारावीची पीयूसी पास झाली, ते तुमाला ठावं हाय. मार्गशीर्षात तिचं आन तुमच्या अनिलकुमारचं लगीन लावायचं, तेबी ठरलेलं. बारशाला तुमी तिच्या तोंडाला साखर लावून ‘ही माझी सून’ म्हणलात, मी ‘दिली’ म्हणलो, आन तुमच्या बहिणीनं, म्हणजे बाणूबाईनं, त्या दिवसापास्नं हे माझ्यापेक्षा जास्त ध्यानात ठिवलं. असं सगळं सुरळीत असताना कॉलेजातल्या सरांनी पोरीच्या डोक्यात भरवलं, की गुलबर्ग्याकडं एका युनिव्हर्सिटीत (नाव लिवत न्हाई, त्यांची फुकट जाहिरात कामून करू?) ऑनर्स म्हणून डिग्री हाय. दुनियेत जी डिग्री तीन वर्षांत मिळती तिला हे लोक चार लावतेत, आन चौथ्या वर्षी पोरांनी आपलं आपण काहीतरी शोधून काढायचं! मग तेवढे दिवस मास्तर लोक काय करतेत, असं मी इचारलं. रूपानं आमाला न इचारता अर्ज केला, आन त्यांचं बोलावणं आलं: मुलाखतीला पालकांसोबत या. म्हणलं जाऊ, पोरीची हौस फिटंल, शरणबसवेश्वराचं दर्शनबी व्हईल. घेतेत कुठं हिला!

आता पाव्हणं, पालक म्हणजे काय एकटा बाप असतो का? पोरीचा विषय निघाला की चार माणसं लागतात. म्हणून आमचे बसवंतप्पा काका घेतले (अर्ध्या तालुक्याच्या सोयरीकी त्यांच्या तोंडानं जुळल्यात), माझी बहीण सत्यभामाबाई घेतली, दोन भाऊबंद घेतले, नारळ, टॉवेल-टोपी घेतली आन क्रूझर भरून गेलो. बाणूबाई तेवढी घरी राहिली, तिला तोंड फुगवायचं होतं. दारातला शिपाई म्हणला, एकाच पालकानं आत जावं. काका म्हणले, आमी सगळेच पालक, आन आत शिरले.

आत उमादेवी म्हणून मॅडम मुख्य. टॉवेल-टोपीची पंचाईत झाली. पण आमची सत्यभामाबाई हुशार, तिनं पिशवीतला स्वतःचा खण काढला आन तिथंच मॅडमची ओटी भरली. मॅडम आधी दचकल्या, मग त्यांनी गुमान पदर पसरला. (ओटीला नको म्हणायची छाती कुणाची हाय?) मग काकांनी रीतसर सुरवात केली. तुमचं मूळ गाव कोणतं, माहेर कुठलं, मावश्या कुठं दिल्या. मॅडम भालकीकडच्या निघाल्या, त्यांची मावशी हुमनाबादला, काकांच्या साडूच्या शेजारात! एवढं छान जमत आलं होतं. काका म्हणले, पोरगी तुमची समजा, आता तुमची काय अपेक्षा हाय ते मोकळं बोला. तर मॅडम म्हणतेत, मला रूपाशी बोलायचंय. काका म्हणले, आमाला इचारा, बैठकीत पोरगी बोलत नसती. तर त्यांनी तिलाच इचारलं, तुझा आवडता विषय कोणता? भाऊबंदानं सांगितलं, स्वयंपाक. चुकलं काय त्यात? त्यावर मॅडमनी हात जोडले आन आमाला सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर! बसवंतप्पा काकांना! अवो, एका साखरपुड्यात मांडवाला जाळ लागला होता, तवाबी हा माणूस बैठकीतनं उठला न्हाई. ते तडक जाऊन क्रूझरमधी बसले, बाकीचे त्यांची समजूत काढायला मागनं पळाले. मी एकटा व्हरांड्यात राहिलो. पाणी इचारायला माणूस न्हाई, टेकायला बाकडं न्हाई. खिडकी मात्र उघडी होती, म्हणून आतलं ऐकू आलं. (कान लावला न्हाई. आलं ते ऐकलं.)

मॅडमनी इचारलं, चौथ्या वर्षी काय शोधणार? आन आपली रूपा, जी घरात चहा झाला म्हणायलाबी आईच्या मागं उभी राहती, ती घडाघडा बोलाया लागली. माझ्या बापाची, आप्पाची मेंढरं त्या वर्षी पटापटा मेली, ते तुमाला याद असंल. दवाखान्यातला डॉक्टर म्हणला रोग होता. रोग होता हे मेंढरांनाबी कळलं होतं! तवापास्नं आप्पा काठी उराशी घेऊन वसरीत बसून हायत. पोरगी म्हणली, ‘आप्पा अजून मला इचारतेत, माझं काय चुकलं म्हणून. मला त्यो रोग शोधायचाय. त्यांचं चुकलं नसंल तर तसं सांगायचंय, आन चुकलं असंल तर तेबी सांगायचंय.’ पाव्हणं, मला रडू आलं. माझा बाप तिला हे इचारतो आन मला ठाऊकसुदिक न्हाई! एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीनं भल्या माणसाला व्हरांड्यात उभं करून रडवावं, आन तोंड धुवायला तांब्याभर पाणी देऊ नये, ही कुठली रीत?

मग मॅडम बाहेर आल्या. म्हणल्या, पोरगी घेतली. पण पोरींना मधीच उठवून लगीन लावतेत, जागा वाया जाती, तवा चारी वर्षं शिकवीन असा शब्द द्या. म्हणजे बघा, आधी आमचा अपमान, आन वर आमचाच शब्द! माझ्यापाशी शब्द एक, त्यो तुमच्याकडं दिलेला, हे त्यांना काय ठावं? येताना दर्शनबी ऱ्हायलं. त्या युनिव्हर्सिटीचं नाव घरात काढायचं न्हाई असं बाणूबाईनं बजावलंय, आन मी काढत न्हाई. वहिनींना नमस्कार, अनिलकुमारला आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जावा.

तुमचा,
रेवणप्पा

ता. क. रेंजचं खोटं सांगितलं. फोन केला असता तर बाणूबाईनं ऐकलं असतं. मी मॅडमना शब्द दिला. तोंडातनं कसा गेला मला कळलं न्हाई, पण गेला, आन आता माघारी घ्यायची माझी इच्छा न्हाई.

ता. क. दुसरं. म्हणून हात जोडतो, ही सोयरीक तुमी मोडा. मी मोडली तर तुमच्या बहिणीचं माहेर तुटंल आन मला मरेपर्यंत भाकरीबरोबर तेच वाढलं जाईल. तुमी मोडली तर ती तुमच्यावर चिडंल आन नागपंचमीला तुमच्याच गळ्यात पडून रडंल. कारण पाहिजे तर वर भरपूर लिवलंय, त्यातलं कोणतंबी उचला. म्हणा, वडीलधाऱ्यांना बाहेर बसवून तोंड उघडणारी सून मला नको. मी चारचौघांत तुमाला वाईट बोलीन, ते मनाला लावून घेऊ नका. अनिलकुमारला मात्र खरं सांगा, त्याच्यात काडीची खोट न्हाई.

ता. क. तिसरं. सोमवारच्या आत मोडा. सोमवारी पोरीला वसतिगृहात पोचवायचंय, आन बाणूबाईपुढं विषय काढायची माझी हिंमत न्हाई. तुमच्यावर एकदा का ती भडकली, की तुमच्या नाकावर टिच्चून पोरीची पेटी तीच भरून देईल.