खुंटीपर्यंतचा हात

४ जून
आजपासून व्यायाम. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं चालवत उजवा हात वर न्यायचा, अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, आजी, खांद्याचं दुखणं जुनं आहे, पुरतं जाणार नाही, पण हात हलता राहील. आजी म्हणे. खूण स्विचबोर्डाच्या जरा वर. खुंटीला ह्यांची टोपी आहे, तिथवर सहज जाईन.

५ जून
ठणका. विश्रांती हाही व्यायामच, असं कुठेतरी वाचलंय.

९ जून
लेकीचा फोन. आई, तुझी तुला वेणी घालता येत नाही, एकटी कशी राहणार? महिनाअखेरीस येते, हात वर गेला नसेल तर घर बंद, माझ्याकडे चल. जावयांनी खोली रंगवूनही ठेवलीय. कोणी सांगितलं होतं?

१० जून
आज खांदा गप्प. बऱ्या दिवशीही बेतानेच करा, असं बाईंचं म्हणणं. भित्र्या आहेत. सगळ्या चादरी हाताने धुवायला काढल्या.

१३ जून
पडून. चादरी बादलीतच, वास मारताहेत. हे झोपेतच गेले, कण्हलेसुद्धा नाहीत. दुखणी तेवढी माझ्या वाट्याला ठेवली.

१८ जून
फरशी गार लागते म्हणून ह्यांच्या जाड तळाच्या चपला घातल्या. दाराशी नुसत्याच पडून होत्या. मग व्यायाम केला. खूण चांगली वर गेली. नियमितपणाचं फळ.

२३ जून
चपला घालून टाचाही उचलल्या. पोटऱ्यांनाही व्यायाम हवाच. खुंटी वीतभर राहिली. लेकीला फोनवर सांगितलं, खोली भाड्याने दे.

२९ जून
लेक आली. बाईंनाही बोलावून घेतलं होतं. भिंतीवरच्या खुणा पाहून बाई खूश झाल्या. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, आजी, चपला काढा, टाचा टेकवा. बोटं पहिल्या खुणेच्याही खाली अडली. पेन्सिल कोणी मागितली नाही.

३० जून
लेकीने हात वर करून टोपी काढली. तिला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. टोपी बॅगेत ठेवून म्हणाली, बाबांच्या चपला पण घेऊ ना गं? म्हटलं, त्या मी पायात घालून येतेय. तुझ्याकडची फरशीही गारच असणार.